बी पडेपर्यंत थांबा : शहरांच्या उद्यान विभागांना खुले पत्र

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक आणि उद्यान विभागातील सर्व अधिकारी व कर्मचारी,
महाराष्ट्रातील महानगरपालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायती

विषय : सार्वजनिक मोकळ्या जागांवरची रानफुलं बी धरेपर्यंत राखण्याबाबत

स. न. वि. वि.

ऑगस्ट-सप्टेंबर आला की बहुतेक शहरांत तुमच्या विभागाकडून एक काम निघतं. टेकडीचा उतार, नाल्याचा काठ, उद्यानासाठी आरक्षित पण अजून मोकळाच असलेला भूखंड, पाण्याच्या टाकीमागची जागा, रस्त्याकडेचा पट्टा, सगळीकडचं गवत काढायचं. ठेकेदार ब्रश कटर घेतलेली माणसं पाठवतो. दोन-तीन दिवसांत जमीन भुंडी होते, मुकादम आधीचे आणि नंतरचे फोटो जोडतो, देयक मंजूर होतं. कागदावर सगळं रीतसर असतं. पण नेमक्या त्याच दिवसांत तिथला तेरडा, कुर्डू, केना, आभाळी, रानतीळ ऐन फुलावर असतात. बी तयार होऊन जमिनीवर पडायला अजून महिना-दीड महिना लागायचा असतो. मी हे पत्र त्या महिना-दीड महिन्यासाठी लिहिते आहे.

शहरात रानफुलं लावा, अशी माझी मागणी नाही. ती लावावी लागत नाहीत. ती तुमच्या जमिनीत आधीपासून आहेत, बियांच्या आणि कंदांच्या रूपात. पहिल्या पावसाबरोबर उगवतात, कोणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, एक रुपयाही खर्च करत नाही. त्यांना फक्त आपलं एक वर्षाचं आयुष्य पुरं करू द्यायचं आहे. आपल्याकडच्या पावसाळी फुलांपैकी बरीचशी वर्षायू आहेत. जूनमध्ये रुजायचं, श्रावण-भाद्रपदात फुलायचं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी टाकायचं आणि संपायचं. बी पडण्याआधी कापलं तर त्या वर्षीचं सगळंच वाया जातं. मातीत आधीच्या वर्षांच्या काही बिया शिल्लक असतात, म्हणून एकदा-दोनदा कापून लगेच सगळं नाहीसं होत नाही. पण दरवर्षी त्याच आठवड्यात कापत राहिलं की ती शिल्लक संपते. कळलावी, रानहळद, मुसळी यांच्यासारख्या कंदवाल्या वनस्पतींचंही तसंच. पावसाळ्यात हिरव्या पानांनी जे कमवायचं ते कंदात साठवून त्या उन्हाळा काढतात. पानं अर्ध्यात कापली की पुढच्या वर्षी कोंब बारीक येतो, आणि असं दरवर्षी होत राहिलं तर एक दिवस येतच नाही.

रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तिथे गाजर गवत येतं. अमेरिका खंडातून आलेलं हे तण १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि नंतर देशभर पसरलं. त्याच्या एका झाडाला हजारो बिया येतात, आणि उकरलेली, सतत छाटली जाणारी, उघडी जमीन त्याला सगळ्यात जास्त मानवते. म्हणजे तण हटवण्यासाठी म्हणून आपण जी कापणी करतो, तीच कितीतरी ठिकाणी खऱ्या तणाला जागा करून देते.

आता रानफुलांचं वन्यजीवांशी नेमकं काय नातं आहे, ते एका झाडावरून सांगते. झाड तुमच्या कामगारांनी हजारदा उपटलेलं आहे : रुई. रस्त्याकडेला, पडक्या भिंतीला, डबराच्या ढिगावर कुठेही उगवणारी. तिचं पान तोडलं की पांढरा चीक येतो. हा चीक विषारी, म्हणून गुरं तिला तोंड लावत नाहीत आणि बहुतेक किडेही लांब राहतात. पण प्लेन टायगर नावाचं नारिंगी फुलपाखरू, मराठीत ज्याला बिबळ्या कडवा असं नाव दिलं आहे, ते अंडी घालायला रुई आणि तिच्या कुळातल्या वनस्पतीच शोधतं. अंडं एकेकटं, बहुधा पानाच्या खालच्या बाजूला. त्यातून निघालेल्या सुरवंटाच्या अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. पान खाण्याआधी तो अनेकदा पानाच्या शिरा कुरतडतो, म्हणजे पुढच्या भागात चीक येणं थांबतं, आणि मग निवांत खायला बसतो. जे थोडं विष पोटात जातं ते तो बाहेर टाकत नाही, अंगात साठवतो. फुलपाखरू झाल्यावरही ते त्याच्यात राहतं. एखाद्या पक्ष्याने ते चोचीत धरलं तर कडू लागून टाकून देतो, आणि पुन्हा तशा रंगाच्या वाटेला जात नाही.

गोष्ट इथे संपत नाही. डॅनाइड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. तिच्या अंगात विष नाही. तिचा सुरवंट घोळीसारख्या साध्या वनस्पती खातो. केवळ रंगाच्या सारखेपणामुळे पक्षी तिला टाळतात. आसपास खरं प्लेन टायगर भरपूर असेल, पक्ष्यांना त्याचा कडवट अनुभव आलेला असेल, तरच हे सोंग चालतं. म्हणजे एखाद्या भूखंडावरची रुई गेली की प्लेन टायगर जातो, आणि ज्याने रुईचं पान कधी खाल्लंही नाही त्या फुलपाखराचंही संरक्षण जातं. रुईच्या फुलाचंही गणित असंच बांधलेलं आहे. त्यातले परागकण सुटे नसतात, ते छोट्या पिशव्यांत बंद असतात, आणि त्या ओढून काढण्याएवढा दांडगा कीटक म्हणजे लाकूड पोखरून राहणारा मोठा काळा भुंगा. त्याला घर करायला वाळकं खोड किंवा बांबू लागतो. तो वाळका ओंडका आपण आधीच उचलून नेलेला असतो.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंत या प्लेन टायगरला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. महिन्याला एक कापणी, असं वेळापत्रक असेल तर एकही पिढी पुरी होत नाही. मादी येते, अंडी घालते, अंडी कापलेल्या पानांसोबत कचऱ्याच्या गाडीत जातात. फुलपाखरं दिसतात म्हणजे सगळं ठीक आहे, असं अशा जागी समजू नये. ती दुसरीकडून आलेली असतात आणि तिथे त्यांची पिढी वाढत नसते.

विभागाने मोठ्या हौसेने केलेल्या लागवडीबद्दलही इथे बोललं पाहिजे. दुभाजकांवर आणि उद्यानांत आज जे लावलं जातं त्यात वेडेलिया, ड्युरांटा, कॉसमॉस, पेट्युनिया, दुहेरी पाकळ्यांची संकरित फुलं यांचाच भरणा असतो. कॉसमॉसवर मधमाश्या आणि फुलपाखरं येतात, हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. रस्त्याकडेची एकदांडीही मूळची अमेरिकेतलीच, आणि तिच्यावर लहान फुलपाखरांची गर्दी असते. पण अशी झाडं म्हणजे पाणपोई. येणारा-जाणारा घोटभर मध पिऊन जातो, त्याची पोरं तिथे वाढत नाहीत. सुरवंट पानं खातात, आणि बहुतेक सुरवंटांना ठरावीक कुळातलीच पानं चालतात, कारण पानातल्या रसायनांशी जुळवून घ्यायला त्यांच्या पूर्वजांना हजारो-लाखो वर्षं लागली आहेत. दोन-पाचशे वर्षांत दुसऱ्या खंडातून आलेल्या झाडाला इथला सुरवंट सहसा तोंड लावत नाही. रोपवाटिकेत हाच गुण म्हणून सांगतात : याला कीड लागत नाही. कीड लागत नाही याचा अर्थ ते झाड इथल्या कोणाच्याच पोटात जात नाही.

दुहेरी पाकळ्यांच्या फुलांत तर मधही धड नसतो. जास्तीच्या पाकळ्या पुंकेसरांच्या जागी आलेल्या असतात, त्यामुळे पराग कमी किंवा अजिबात नाही. वेडेलियाचं वेगळं दुखणं आहे. कमी पाण्यात जमीन झाकते म्हणून ती लावली जाते, पण जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक परकीय प्रजातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने केली आहे, त्यात वेडेलिया आहे. त्याच यादीत आपली घाणेरीही आहे. घाणेरीने डोंगर कसे व्यापले ते आपण पाहतोच आहोत. वेडेलियाची छाटणी नाल्याकाठी टाकली की तिच्या तुकड्यांना मुळं फुटतात. निदान नव्या कामांत तरी तिची मागणी नोंदवू नका.

सुरवंटांची एवढी काळजी कशाला, असं कोणी विचारेल. याचं उत्तर चिमणीकडे आहे. चिमणी दाणे टिपते म्हणून आपण तिला दाणे घालतो, पाण्याची भांडी ठेवतो, २० मार्चला चिमणी दिनाला लाकडी घरटी वाटतो. पण पिल्लं पहिल्या दिवसांत दाणे खात नाहीत. त्यांना मऊ अळ्या आणि किडे भरवावे लागतात. दाणे खाणाऱ्या बहुतेक पक्ष्यांचं असंच आहे, आणि मध पिणाऱ्या शिंजिराच्या पिल्लांनाही किडे आणि कोळीच लागतात. घरटं टांगलं आणि भोवतालचं सगळं गवत साफ केलं, तर घर मिळालं पण घरात शिधा नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराच्या परिसरातल्या घरगुती बागांत याचा बारकाईने अभ्यास झाला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. बागेतल्या एकूण झाडोऱ्यात देशी वनस्पतींचा वाटा ७० टक्क्यांच्या खाली गेला की कॅरोलायना चिकडी या लहान पक्ष्याची संख्या टिकत नाही, असं त्यात आढळलं. आकडा तिथला आहे, तो जसाच्या तसा आपल्या शहरांना लावता येणार नाही. पण पानं, अळ्या आणि पिल्लं यांची साखळी इकडेही तीच आहे. जर्मनीत संरक्षित क्षेत्रांमधल्या नोंदींवरून २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटल्याचं २०१७ मध्ये समोर आलं. तेही संरक्षित क्षेत्रांत. शहराच्या मोकळ्या जागांकडे निव्वळ 'साफसफाईचं क्षेत्र' म्हणून पाहण्याची चैन आता आपल्याला परवडणार नाही.

मधमाशी म्हटलं की पोळं डोळ्यांसमोर येतं. जगात मधमाश्यांच्या २० हजारांहून जास्त प्रजाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य एकेकट्या राहणाऱ्या आहेत. त्यांचं पोळं नसतं, राणी नसते, मधाचा साठा नसतो. बऱ्याचशा माद्या उघड्या मातीत बोटभर बीळ करून त्यात अंडी घालतात. आपल्याकडे निळ्या पट्ट्यांची मधमाशी आहे, उद्यानांतही येते. काटेरिंगणीसारख्या ज्या फुलांचे पराग बंद नळीत असतात, त्यांना ती घट्ट धरते आणि उडायचे स्नायू थरथरवून पराग झाडून घेते. त्या वेळी तिचा आवाज एकदम बारीक आणि टिपेचा होतो, जवळ उभं राहिलं तर सहज ऐकू येतो. वांगी आणि टोमॅटो याच कुळातले, त्यांची फुलंही अशीच हलवावी लागतात. संध्याकाळी या मधमाशीचे नर एखाद्या वाळक्या काडीवर ओळीने येतात, काडी जबड्यात धरतात आणि तसेच लटकून झोपतात. रात्रभर. उद्यानात एखादी वाळकी काडी राहिली तर तेवढीच त्यांची निवाऱ्याची जागा.

वाळलेलं म्हणजे कचरा, हा आपला समज किती चुकीचा आहे, त्याचं आणखी एक उदाहरण खुळखुळ्याचं. पिवळ्या फुलांची ही रानवनस्पती वाळली की शेंगेत बिया वाजतात, म्हणून हे नाव. प्लेन टायगर, ब्लू टायगर, कॉमन क्रो या फुलपाखरांचे नर तिच्या वाळलेल्या आणि खरचटलेल्या भागांवर झुंडीने बसतात. मधासाठी नव्हे. त्या झाडातली अल्कलॉइड नावाची विशिष्ट रसायनं शोषून ते मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. आपण पिवळं पडलं म्हणून जे झाड उपटतो, तेच त्यांना हवं असतं.

तुमच्यापुढच्या अडचणी मला ठाऊक आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. गवत वाढलं की नागरिकांच्या तक्रारी येतात : रान माजलंय, साप निघतील, डास होतील, लोक कचरा टाकतात, चौकात पलीकडचं दिसत नाही. आमच्या भागातल्या एका उतारावरचं फुललेलं रान असंच एका तक्रारीवरून एका दुपारी साफ झालं. तक्रार करणाऱ्याची भीती खरी होती आणि कापणाऱ्याने दिलेलं काम केलं होतं. म्हणून या अडचणींवरच बोलू.

डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो : टायर, कुंड्यांच्या बशा, झाकण नसलेली टाकी. गवत कापून त्याची पैदास थांबत नाही, पाण्याच्या जागा शोधूनच थांबते. सापांची भीती लोकांना वाटेच्या कडेला वाटते, म्हणून वाटेच्या, भिंतीच्या आणि खेळाच्या जागेच्या कडेने दीड-दोन मीटरचा पट्टा नियमित कापावा. साप उंदरांमागे येतो आणि उंदीर उकिरड्यामागे, त्यामुळे कचरा उचलणं हा सापांवरचा गवतकापणीपेक्षा बरा उपाय आहे. चौकात आणि वळणावर दृष्टी अडत असेल तर तिथे जरूर कापा, यावर वादच नाही. कडेचा कापलेला पट्टा आणखी एक काम करतो. आतलं गवत दुर्लक्षामुळे वाढलेलं नाही, राखलेलं आहे, हे त्यावरून बघणाऱ्याला लगेच कळतं. जोडीला एक साधा फलक लावावा : 'रानफुलांसाठी राखीव, डिसेंबरात कापणी होईल.' तारीख लिहिलेली असली की तक्रारी निम्म्याने कमी होतील, असं मला वाटतं.

आणि कापायचंच नाही असं मी म्हणत नाही. बी पडल्यानंतर, डिसेंबरात, अवश्य कापा. उन्हाळ्यात वणवा लागायला नको आणि पुढच्या पावसात कोवळ्या रोपांना ऊन मिळायला हवं. फक्त चार गोष्टी सांभाळा. कापलेलं गवत दोन-चार दिवस तिथेच पडू द्या, म्हणजे अडकलेलं बी गळेल आणि किडे बाहेर पडतील. मग उचला. जाळू नका. आणि सगळी जागा एकाच दिवशी भुंडी करू नका, एखादा कोपरा वाळक्या काड्यांसकट पुढच्या पावसापर्यंत राहू द्या.

गाजर गवताचं मात्र उलट आहे. ते जुलैतच, फुलायच्या आत, मुळासकट उपटलं पाहिजे, हातमोजे घालून, कारण त्याने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो. हे काम यंत्राचं नाही. ब्रश कटरपुढे गाजर गवत आणि तेरडा सारखेच. खुरपं घेऊन बसणारी बाई एकेक रोप ओळखते. तुमच्याकडे रोजंदारीवर काम करणाऱ्या कित्येक महिला गावाकडून आलेल्या आहेत, केना कुठला, कुर्डू कुठला, आघाडा कुठला, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. त्यांच्याकडून पावसाच्या सुरुवातीला निवडून खुरपणी करून घेतली, तर नंतरच्या दोन कापण्यांचा खर्च वाचेल आणि त्यांच्या हाताला काम राहील. तणनाशक फवारणी तर कुठेच नको. त्यात निवड नसते.

एक शब्द झाडांबद्दल. महाराष्ट्रात शहरांमधल्या झाडांसाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, ठरावीक काळाने वृक्षगणना होते, २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. हे सगळं हवंच आहे. पण खोड नसलेल्या वनस्पतीला या व्यवस्थेत जागाच नाही. तिची गणना नाही, तोडायला परवानगी लागत नाही, नुकसानीची नोंद नाही. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात पन्नास कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला आणि त्यानंतरही दरवर्षी लागवड होते. यात खड्डे कुठे घेतले जातात ते एकदा पाहा. सोपी जागा म्हणजे गवताळ उतार आणि सपाट माळ, 'काहीच नाही' असं वाटणारी. त्या जागी रानफुलं असतात, चंडोल जमिनीवर घरटं करतो, मुनिया गवताच्या बियांवर जगतात. तिथे दाट झाडी लावली की सावलीत हे सगळं मरतं. झाडं लावायला शहरात रस्ते आहेत, शाळांची आवारं आहेत, उघडी पडलेली मैदानांची कडा आहे. गवताळ उतार गवताळच राहू द्यावा.

सड्यांवरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारांवरच्या, नगरपरिषदांना हे अधिकच कळकळीने सांगायचं आहे. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर स्थळांसोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि लोक फुलं पाहायला तिकडे रांगा लावू लागले. पण जांभ्याचा सडा फक्त कासला नाही. पाचगणीचं टेबललँड, रत्नागिरीच्या आसपासचे सडे, कोकणातल्या कितीतरी वाड्यांच्या डोक्यावरचा कातळ, हे सगळे तेच अधिवास. बोटभर मातीत तिथे सीतेची आसवे, गवती दवबिंदू, गेंद यांचे गालिचे उगवतात. पहिल्या दोन वनस्पती तर किडे पकडून आपली नत्राची गरज भागवतात, कारण कातळावर ती मिळत नाही. कंदीलपुष्पाच्या जातींपैकी काही पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेही नाहीत. त्यांच्या फुलाच्या नळीत उतरत्या केसांची रचना असते. बारीक माशी वासाने आत शिरते, केसांमुळे तिला परत फिरता येत नाही, आणि केस सुकले की ती पराग घेऊन सुटते. अशा कातळावर माती आणून टाकून, सीडबॉल (बिया घातलेले मातीचे गोळे) फेकून किंवा लॉन अंथरून 'हरितीकरण' करू नका. तिथे काही करायचंच असेल तर गाड्या वर चढणार नाहीत एवढं बघा.

आता थोडं तुमच्या रोपवाटिकांबद्दल. दुभाजकाला आणि कुंपणाला झुडपं लागणारच. मग अडुळसा, निर्गुडी, काटेकोरांटी, धायटी, मुरुडशेंग, भारंगी ही का नकोत? धायटीच्या लाल फुलांवर शिंजीर हटकून येतात, काटेकोरांटीच्या कुळावर पॅन्सी फुलपाखरांचे सुरवंट वाढतात. राज्याचं फुलपाखरू म्हणून २०१५ मध्ये घोषित झालेल्या ब्लू मॉर्मनचा सुरवंट लिंबाच्या कुळातली पानं खातो. उद्यानाच्या कोपऱ्यात माकडलिंबू किंवा साधं लिंबू लावलं तरी त्याची सोय होते. बी मात्र आपल्याच परिसरातून, जिथे ते झाड मुबलक आहे तिथून, थोडंसंच घ्यावं. जंगलातून किंवा कासवरून रोपं उपटून आणू नयेत. आणि 'रानफुलांचं मिश्रण' म्हणून विकली जाणारी पाकिटं घेऊ नयेत, त्यात बहुधा कॉसमॉस आणि झिनियाच निघतात.

हे पत्र खुलं ठेवलं आहे, कारण गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आणि गच्चीत कुंड्या ठेवणारेही ते वाचतील. तुमच्या आवाराच्या मागच्या बाजूचा एक वाफा पावसाळाभर खुरपू नका. कुंडीत आपोआप आलेला केना, घोळ राहू द्या. कढीपत्त्यावर हिरवी अळी दिसली तर फवारू नका, ती बहुधा कॉमन मॉर्मन फुलपाखराची असते आणि चार पानं खाऊन जाते. गाजर गवत तेवढं ओळखा आणि उपटा. आणि आपल्या प्रभागातल्या उताराचा फोटो 'अस्वच्छ' म्हणून पालिकेला पाठवण्याआधी त्यात काय फुललं आहे ते जरा वाकून बघा.

जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे स्थानिक वनस्पती-प्राण्यांची नोंद, करायला हवी. बऱ्याच ठिकाणी ही नोंदवही एकदा झाली आणि कपाटात गेली. ती बाहेर काढा. कोणत्या भूखंडावर कोणतं रानफूल कोणत्या महिन्यात फुलतं आणि कधी बी टाकतं, एवढी नोंद ज्याच्या हाती आहे त्या अधीक्षकाला कापणीची तारीख ठरवणं अवघड नाही. महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग हे काम आनंदाने करतील.

देखभालीच्या निविदा आर्थिक वर्षाच्या तोंडावर निघतात. येत्या निविदेत आपण पुढील अट घालावी, ही माझी ठोस विनंती आहे : प्रत्येक प्रभागात किमान एक मोकळी जागा रानफुलांसाठी निश्चित करावी, तिथे १५ जून ते ३० नोव्हेंबर या काळात कडेचा पट्टा आणि गाजर गवताची खुरपणी सोडून कोणतीही कापणी करू नये, आणि ठेकेदाराला देयक कापलेल्या चौरस मीटरवर न देता ती जागा ठरल्याप्रमाणे राखल्याबद्दल द्यावं. ही शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. कापण्याचेच पैसे मिळत असतील तर कोणीही कापणारच.

जागा निवडताना आणि फलकावरचा मजकूर लिहिताना मदत लागली तर माझ्यासारखे पुष्कळ नागरिक यायला तयार आहेत. आपल्या विभागाने या वर्षीसाठी कोणती जागा ठरवली, ते जूनच्या आधी जाहीर करावं.

कळावे,
आपली विश्वासू,
रानफुलांच्या वाटेवर फिरणारी एक नागरिक